मधल्या घराची ऊब

२ नोव्हेंबर

आलो एकदाचा! एका पिशवीत कपडे, दुसरीत बूट, आणि फाटकावर स्वागताला साक्षात सासरेबुवा. अजून झालेले नाहीत, पण होतील. महिन्यापूर्वी याच माणसाच्या खिडकीखाली उभं राहून, तिला खाली पाठवा म्हणून ओरडत, मी सगळी वसाहत डोक्यावर घेतली होती. दुसरा कुणी बाप असता तर पोलीस बोलावले असते. हे खाली आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला, बराच वेळ तसाच ठेवला, आणि म्हणाले की पोरा, तुझ्यात धग आहे, ती रस्त्यावर कशाला वाया घालवतोस? वसाहतीचे अध्यक्ष तेच. देखभालीला माणूस हवा होता, राहायला घरही होतं. एक हिवाळा टिकून दाखव, म्हणाले, मग तिच्याबद्दल बोलू.

एक हिवाळा! मी तर तिच्यासाठी चार काढीन. कॉलेज अर्ध्यावर सोडलेल्या मुलाला याहून चांगली संधी कोण देणार? प्राचार्यांच्या टेबलावर ओळखपत्र आपटून आलो तेव्हा मामा म्हणाला होता की याचं डोकं आणि चप्पल दोन्ही कधी जागेवर नसतात. बघ म्हणावं आता.

ही वसाहत मुळात खेळाडूंसाठी बांधलेली. मोठे सामने झाले, खेळाडू राहून गेले, मग हीच घरं लोकांना विकली. माझ्या घराचं दार इतकं उंच आहे की माझ्या डोक्यावर आणखी एक मी उभा राहीन. पलंग हातभर जास्त लांब. खेळाडू एकत्र जेवायचे म्हणून घरात ओटाच नव्हता, तो नंतर कपाटाच्या जागी कोंबलाय. अंडं फोडताना कोपर भिंतीला लागतं. जिने प्रेक्षकांच्या बाकांच्या लाकडाचे, विटा पाडलेल्या कारखान्याच्या, आंघोळीचं पाणी गाळून संडासाला. इथे काही म्हणजे काही फुकट जात नाही.

आणि कुठल्याही घरात हीटर नाही! अध्यक्षांनी छाती फुगवून सांगितलं की ही घरं माणसांच्या अंगच्या उबेवर चालतात. बाहेरच्या भिंती जाड, खिडक्यांना तीन-तीन काचा, मुंगीला शिरायला फट नाही. आतल्या भिंती मात्र मुद्दाम पातळ, म्हणजे एका घराची ऊब दुसऱ्याला मिळते. दाराशी पाटीएवढा विजेचा पडदा आहे, त्यावर पानाचं चित्र. आपण जितकी ऊब शेजाऱ्यांना देऊ तितकं पान हिरवं भरत जातं.

माझं घर बरोबर मधलं. वर घर, खाली घर, दोन्ही बाजूंना घरं. आणि मागच्या भिंतीपलीकडे ती. देवा, भिंतीपलीकडे ती!

६ नोव्हेंबर

काम सोपं आहे. घराघरातल्या हवेच्या नळ्यांच्या जाळ्या काढायच्या, धुवायच्या, परत बसवायच्या. सगळे प्रेमानं बोलतात. वरच्या मजल्यावर एक निवृत्त मास्तर आहेत, गळ्यात कायम मफलर. शेजारच्या काकूंचे गुडघे धरलेले, तरी मला डबा देऊन गेल्या. परत आलो तेव्हा त्या माझ्या घराच्या भिंतीला पाठ लावून डोळे मिटून उभ्या होत्या. विचारलं तर म्हणाल्या की दम खातेय.

बागेला पाणी घालायला एक आडदांड माणूस आहे. त्याला सगळे भालावाला म्हणतात. हा म्हणे सामन्यांना आला होता तो इथेच राहिला. त्या वेळी इतका संतापी होता की पंचाच्या पायाशी भाला मोडून टाकला होता. आता पोरं त्याच्या पाठीवर चिखल मारतात आणि तो झारी तिरकी करून उभा राहतो. मी पोरांना पिटाळलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, पण कुंडीकडे पाहावं तसं.

ती अजून भेटली नाही. भिंतीवर टकटक केली. उत्तर नाही.

११ नोव्हेंबर

आज सटकली. चूक माझी नव्हती, लिहून ठेवतो. जिन्याखाली लावलेली माझी सायकल कचऱ्याच्या पेटीत उलटी पडलेली. मी ओरडलो, तर मास्तर शांतपणे कठड्यावरून वाकून म्हणाले की मीच टाकली, भंगार भंगारात शोभतं. वर म्हणाले, कॉलेजनंही तुला असंच उचलून टाकलं ना?

म्हातारा नसता तर दाखवलं असतं. दार आपटलं, पुन्हा उघडून पुन्हा आपटलं. अंधार पडेपर्यंत खोलीत येरझाऱ्या घालत होतो. सहज लक्ष गेलं तर पडद्यावरचं पान काठोकाठ हिरवं.

१२ नोव्हेंबर

सकाळी मास्तर अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात फिरत होते, मफलर नाही. मला हात केला. जणू काल मी त्यांच्या पाया पडलो होतो.

१५ नोव्हेंबर

ती भेटली. इमारतींच्या मधे धावण्याचा जुना मार्ग आहे, त्यावर लोक आपापली पट्टी धरून चालतात. ती कडेच्या पट्टीत, दोन स्वेटर घालून. मी तिच्या पट्टीत शिरलो. मान वर न करता तिनं सांगितलं की इथून जा, आजच जा, सामानसुद्धा घेऊ नकोस. मी विचारलं, दुसरा कुणी आहे का? तर म्हणाली की जगातल्या सगळ्या गोष्टी तुझ्या त्या एका प्रश्नात मावतात का रे गाढवा?

गाढव! मी तिच्यासाठी घरदार सोडलं आणि मी गाढव!

संध्याकाळी भिंतीवर बुक्की मारली. भिंत तव्यासारखी तापलेली होती. पलीकडून तिच्या बापाचं समाधानाचं हसू आलं, जेवून उठल्यावर माणूस हसतो तसं.

१९ नोव्हेंबर

रोज कुणीतरी काहीतरी काढतंच. काल खालच्या बँकवाल्यानं माझ्या बुटात पाणी ओतलं. आज काकूंनी जिन्यात गाठून सांगितलं की तुझ्या आईला वांझ ठेवलं असतं तर देवाचे उपकार झाले असते. हे बोलताना काकूंची हनुवटी थरथरत होती. बोलून झाल्यावर निघून गेल्या नाहीत. माझ्या भिंतीला पाठ लावून तिथेच उभ्या राहिल्या.

आईवरून? माझ्या आईवरून?

दोन माणसांचं जेवतो तरी विजार कमरेवर ठरत नाही. नखं जांभळी झालीत. राग आला की पूर्वी कान गरम व्हायचे. आता राग आला की हुडहुडी भरते.

२३ नोव्हेंबर

सगळं कळलं.

सभागृहाची जाळी काढायला पोटमाळ्यावर चढलो होतो. खाली यांची बैठक. नळीतून शब्द न् शब्द वर येत होता. बँकवाला म्हणाला की बूट झाले, आता कुणाची पाळी? मास्तर म्हणाले की सायकलीवर चार दिवस निघाले, छान पोरगा आहे, आईवरून तर त्याहून जास्त निघतील. कुणीतरी हसलं की या वर्षी लोकर घ्यायलाच नको. काकू म्हणाल्या, माझ्याच्यानं पुन्हा होणार नाही हो, माझ्या धाकट्याएवढा आहे. मग म्हणाल्या, पण गुडघे काही ऐकत नाहीत मेले.

अध्यक्षांनी समजावलं की ही घरं खेळाडूंच्या अंगाच्या हिशेबानं बांधली. आपल्यासारख्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या उबेत ती तापत नाहीत, त्याला आपण काय करणार? शांत माणूस मधल्या घरात बसवून काय कामाचा? भालावाला दोन हिवाळे पुरला. हा जपून वापरला तर फेब्रुवारी निघेल. माझ्या मुलीची पाळी सगळ्यात शेवटी ठेवू, कडाक्याच्या थंडीला.

जपून वापरला तर.

२४ नोव्हेंबर

निघालो होतो. फाटकाबाहेर पाच-पंचवीस पावलं गेलो असेन. भर दुपार, ऊन पडलेलं, लोक साध्या कोटात फिरत होते. मला मात्र थंडी हाडात शिरली, दात वाजायला लागले, रस्त्यावरच आडवा झालो. अंगात काही उरलंच नाहीये, बाहेरच्या हवेला तोंड द्यायला.

भालावाल्यानं खांद्यावर टाकून परत आणलं. त्याचा खांदा दगडासारखा गार. वाटेत म्हणाला की तोही एकदा निघाला होता. बस कुठे थांबते हे सांगावं अशा आवाजात. घरी कोण आहे विचारलं. म्हणाला, बायको होती असं सांगतात.

२६ नोव्हेंबर

ठरवलं. रागावायचंच नाही. बघू काय करतात!

मास्तरांनी दारात येऊन माझ्या सात पिढ्या काढल्या. मी विचारलं, मास्तर, चहा घेणार? ते आल्या पावली वर गेले. बँकवाल्यानं अंगावर पाणी टाकलं. मी म्हणालो, बरं झालं, आंघोळ राहिली होती.

पान सुकलंय. वरून मास्तरांच्या चकरा ऐकू येतात. चाला. खूप चाला!

२८ नोव्हेंबर

जिन्यात आतून दंव धरलंय. बाहेर थंडीची लाट आली आहे. माझ्या दारासमोर सगळे गोधड्या घेऊन बसलेत. कुणी शिव्या देतं, कुणी रडतं. काकू दोन्ही करतात.

मी शांत आहे. खरं सांगायचं तर — शांत राहायला कष्टच पडत नाहीयेत. त्याची भीती वाटते.

२९ नोव्हेंबर

अध्यक्ष आले. माझ्या तोंडावर थुंकले. मग आई, बाप, कॉलेज, माझं प्रेम, सगळ्यावरून बोलले. मी वाट पाहत होतो. काहीच आलं नाही वर. त्यांनाही दिसलं ते. एवढा मोठा माणूस माझे पाय धरून बसला. म्हणाले, तिची पाळी होती. तिनं साफ सांगितलं, थंडीनं मरेन पण त्याला एक वावगा शब्द बोलणार नाही. परवापासून तापानं पडली आहे, आता ताप उतरून अंग गार पडतंय. रस्ते बंद, दवाखान्याची गाडी येत नाही. तिचा पलंग माझ्या भिंतीला लावलाय.

ते गेल्यावर नळीला कान लावला. खोकला.

म्हणजे तिनं मला हाकललं ते —

खरंच गाढव मी.

३० नोव्हेंबर

शिव्या लागत नाहीत. मग आपणच आपल्याला खवळायचं. जुनं काढायचं.

प्राचार्य काढले. सगळ्या वर्गासमोर म्हणाले होते की तुझ्यासारख्यांच्या बापांची कीव येते. डोळे मिटले, पुन्हा ऐकलं, पुन्हा पुन्हा. आला! राग आला! भिंत कोमट झाली. खोकला थांबला. नळीतून तिचा श्वास येत होता, सावकाश.

मग प्राचार्यांचा चेहरा आठवायला गेलो तर —

नाही आठवत.

१ डिसेंबर

मामा संपला. मास्तर संपले. सायकल — वर वाचलं, कुणाची तरी सायकल कचऱ्यात टाकली म्हणे.

बापानं पाहुण्यांसमोर मारलेली थोबाडीत सकाळी काढली. दुपारपर्यंत पुरली. आता बाप आठवतो, पण कुठल्या तरी दुकानात पाहिलेल्या माणसासारखा.

आईवरचं काढलं नाही. काढणार नाही.

रात्री काढलं.

२ डिसेंबर

पुन्हा खोकतेय. खोकला लहान होत चाललाय —

एकच उरलंय. तिचं. कुणाला सांगितलं नव्हतं, इथेही लिहिलं नव्हतं, म्हणून अजून ताजं आहे. ते काढलं तर तीसुद्धा — दुकानातली —

नळीतून म्हणतेय, नको. ते नको काढूस. मला राहू दे. कसं कळलं हिला —

खोकला थांबला. श्वासही ऐकू येत नाही —

बरं.

कॉलेजचा जिना. पेपर सुरू व्हायचा होता, सगळे आत गेले होते. मी तिचा हात धरून थांबवलं आणि सांगून टाकलं सगळं. तिचे केस ओले होते. आधी ती हसली. मोठ्यानं, वर्गात ऐकू जाईल इतकं. अंगाची आग झाली माझ्या. मग ती एक पायरी खाली आली आणि —

भिंत तापतेय. श्वास घेतला तिनं! घेतला —

खाली आली आणि म्हणाली — ती — जिन्यात एक मुलगी होती, ओल्या केसांची, कुणाशी तरी बोलत होती, आणि ती त्याला म्हणाली की