क्लॅरिनेटवाल्याच्या हिरड्या

तीर्थरूप ताईस,

वाकून नमस्कार (कागदावर वाकायला सोपं जातं). तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचा खोकला थांबला का? इकडे सगळे मजेत आहेत, एक मी सोडून.

झालं असं, की गेल्या महिन्यात तालमीत क्लॅरिनेट तोंडातून काढलं, तर त्याच्या टोकाला रक्त! शेजारचा व्हायोलिनवाला म्हणाला, "इतका जीव ओतून वाजवू नका हो." सगळे हसले, मीही हसलो, पण घरी येऊन आरशासमोर एकेक दात हलवून पाहिला. समोरचे दात गेले तर माझं वाजवणंच गेलं, आणि त्याखेरीज मला काय येतं ते तुला ठाऊकच आहे.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी हिरड्या सुजल्याचं सांगून दात साफ केले (खरवडलेच म्हण ना) आणि तोंडात विरघळवायच्या गोळ्या दिल्या. प्रोबायोटिक म्हणे. त्यांत जिवंत जंतू असतात, पण चांगल्या वळणाचे. ते तोंडात जागा धरून बसले, की हिरड्यांना छळणाऱ्या जंतूंना हातपाय पसरता येत नाहीत. आता मी पडलो भिडस्त. पाहुण्यांना घरी बोलवायचं आणि सकाळ-संध्याकाळ ब्रशने झोडपायचं? मनाला पटेना. मी ब्रश करणंच सोडलं. थोड्या दिवसांनी ही माझ्याशी तोंड फिरवून बोलू लागली. मला वाटलं, रुसली असेल. शेवटी तिनेच दंडाला धरून मला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, आधी ब्रश, मग गोळी! ती मदतीला आहे, ब्रशच्या बदल्यात नाही. आणि सगळ्यांना सारखाच गुण येईल असंही नाही."

ही हसत सुटली. पण बाहेर आल्यावर भर रस्त्यात डोळे पुसायला लागली. म्हणाली, "मला वाटलं, तुमचं वाजवणं संपलं." आणि मी इतकी वर्षं समजत होतो, की माझ्या रियाजाने तिचं डोकं उठतं!

तेव्हापासून सगळं शिस्तीत आहे. रक्त थांबलं, सूज उतरली (गोळीने, ब्रशने की हिच्या धाकाने, ते डॉक्टरीणबाईही छातीठोकपणे सांगत नाहीत). काल कार्यक्रमात मनसोक्त वाजवलं.

तुझा,
धाकटा

ता. क. समोरचे दात शाबूत आहेत, पण मागची एक दाढ गुरुवारी काढायची आहे. हिला रजा नाही, आणि हिच्यासमोर मी "त्यात काय एवढं" म्हणून बसलोय. तू येशील का गं?

आणखी ता. क. ताई, पाकीट चिकटवताना वाचलं. मी रजा टाकली आहे. तरी तुम्ही याच. ह्यांना धरायला दोघी लागतील.