बोटभर राखून

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू शिवून पाठवलेले दोन्ही शर्ट पोचले. छान बसतात, फक्त बटणं लावल्यावर श्वास घ्यायचा नाही एवढं पथ्य पाळावं लागतं. तू फोन कर म्हणतेस, पण बॉयलरच्या फुसफुसाटात इतकी वर्षं काढल्यावर माझ्या कानांना फोन म्हणजे माशीची गुणगुण. पत्रच बरं.

बातमी अशी की जूनअखेरीस आमच्या कागद कारखान्यातला बॉयलर उघडणार. तुला माहीतच आहे, वर्षातून एकदा तो थंड करायचा, वरचं झाकण काढायचं आणि त्या लंबगोल तोंडातून आत उतरून क्षारांची पुटं खरवडायची. आमच्याकडे पहिल्यापासून नेम आहे, जो आत उतरतो त्याच्याच हातात बॉयलर. गेल्या वर्षी मी उतरलो खरा, पण वर येताना चौघांनी काखेत हात घालून ओढलं तेव्हा कुठे बाईसाहेबांनी मला सोडलं. (बॉयलरला मी बाईसाहेब म्हणतो, हे तुझ्या वहिनीला आवडत नाही.) त्यानंतर वर्षभरात मी आणखी सुटलो.

काल फोरमनने सगळ्यांदेखत माझ्या पोटाकडे बघून सांगितलं की यंदा जमणार नसेल तर तुला गेटवरच्या वजनकाट्यावर बसवतो, तिथला कारकून निवृत्त होतोय. म्हणजे दिवसभर खुर्चीत बसून रद्दीचे ट्रक मोजायचे! ताई, हसू नकोस. बाईसाहेबांचा आवाज जरा बदलला तरी मला लगेच कळतं. त्या दुसऱ्याच्या हातात गेलेल्या मला बघवणार नाहीत.

तेव्हा कंबर कसली आहे. म्हणजे कसायला सापडली तेवढी. सकाळी कालव्याच्या काठाने भरभर चालणं, संध्याकाळी पाण्याच्या टाकीचे जिने. साखर बंद, लोणी बंद, आणि घरात बोलणंही जवळपास बंद, कारण उपाशीपोटी मी प्रत्येकाच्या अंगावर वसकन जातो.

लोभ आहेच, तो वाढावा. बाकी काही वाढू नये.

तुझा,
काडी


१२ मार्च

चि. काडीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी पोट धरून हसले, मग डोळे पुसले. लहानपणी तू इतका बारीक होतास की दप्तराच्या वजनाने मागे कलंडायचास, म्हणून तर काडी हे नाव पडलं. आता काडीची मोळी झाली, त्याला कोण काय करणार? पण नाव बदलायचं नाही असं मी ठरवलंय. मोठ्या बहिणीला एवढा तरी हक्क असू दे.

इकडे दुकानात गणवेशांचा डोंगर पडला आहे. त्यात काल एक बाई आल्या आणि म्हणाल्या, महिन्याभरात मी बारीक होणार आहे, त्या मापाने ड्रेस शिवा. मी मान डोलावली आणि शिवणीत चार बोटं माया सोडून शिवला. आईने शिकवलेलं मी विसरत नाही. कापताना नेहमी थोडं राखून कापावं, माणसाचा आणि कापडाचा भरवसा नसतो.

वजनाच्या काट्यावर उठसूट चढू नकोस. तुझ्या बाईसाहेबांनाही पेटवल्यावर वाफ धरायला वेळ लागतोच ना? मग तुझ्या पोटाने काय घोडं मारलंय? आणि भुकेचा राग वहिनींवर काढलेला मला कळला, तर तिथे येऊन कान उपटीन.

दोघांची खुशाली कळवत जा. वाट बघते.

तुझी,
ताई


२० एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

माझं काही खरं नाही. एक दिवस चुकवला नाही, पाय दुखले तरी गेलो, शिंका येत होत्या तरी गेलो. टाकीच्या जिन्यावरची कबुतरंसुद्धा आता मला बघून उडत नाहीत, घरचाच समजतात. आणि वजन? काटा जिथे होता तिथेच. एका आठवड्यात जरासा खाली सरकला म्हणून मी घरभर नाचलो, तर पुढच्या आठवड्यात परत मूळपदावर. बहुतेक नाचण्यानेच घोटाळा झाला.

सगळ्यात वाईट म्हणजे तुझी वहिनी. ती नुसती सोबत म्हणून येते. रमतगमत चालते, वाटेत भेटेल त्याच्याशी गप्पा मारते, घरी येऊन लोणी लावलेला पाव खाते, आणि बारीक होते! माझ्या अंगावरचं उतरत नाही आणि हिच्या अंगावर नव्हतं तेही उतरलं. याला काय म्हणावं?

खरं सांगू का, उद्यापासून जायचं नाही असं मनात येतंय. घाम गाळून हेच व्हायचं असेल तर निदान लोणी खाऊन तरी व्हावं. फोरमन रोज विचारतो, खुर्चीवर गादी घालू का म्हणून. मी हसून नेतो, पण आतून तुटतो गं.

सोबत तपकिरी पँट पाठवतो आहे, तिची चेन गेली. बाजारातली नवी घेतली तर तू बोलणार, म्हणून तुझ्याकडेच.

आशीर्वाद असू देत, सध्या त्यांचीच गरज आहे.

तुझा,
काडी


२८ एप्रिल

चि. काडीस,
अनेक आशीर्वाद.

पँटची चेन बदलली. घालून बघ. गणवेशांच्या गडबडीत आहे म्हणून जास्त लिहीत नाही. चालणं मात्र सोडू नकोस, माझी शपथ आहे.

तुझी,
ताई


५ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ताई, ताई, ताई! पँट सैल झाली! तीच तपकिरी पँट, जी चढवताना मला भिंतीचा आधार लागायचा, ती आज कंबरेवरून घसरते आहे. आत अख्खी मूठ जाते. काटा काही का म्हणेना, तो मेला खोटारडा! मी उगीच तोंड पाडून बसलो होतो. आज कालव्याला दोन फेऱ्या जास्त मारल्या.

आता फोरमनला दाखवतोच. रविवारी झाकणाचं गॅस्केट बदलायला बाईसाहेब थंड करणार आहेत. जूनपर्यंत कोण थांबतंय?

घाईत आहे. बाकी सगळं तुझ्या आशीर्वादाने.

तुझा,
खराखुरा काडी


१४ मे

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

हे तुम्हाला पत्र लिहिणार नाही म्हणतात, म्हणून मी लिहिते आहे. घाबरू नका, हातपाय शाबूत आहेत. अब्रूचं तेवढं सांगता येत नाही.

रविवारी हे तुमची ती तपकिरी पँट घालून कारखान्यात गेले. सगळ्यांना कंबरेत मूठ घालून दाखवली आणि लोक नको नको म्हणत असताना बॉयलरच्या तोंडात पाय सोडले. पोटापर्यंत छान उतरले. मग पुढेही नाही आणि मागेही नाही. पाय आत, पोट अडकलेलं आणि वर यांचा अर्धपुतळा! मॅनेजर नेमके तेव्हाच फेरीला आले, तर यांनी तिथूनच त्यांना नमस्कार केला. शेवटी मला बोलावणं आलं. मी भांड्यांचा साबण घेऊन गेले आणि चारचौघांत नवऱ्याला कढईसारखं घासलं. तेव्हा सुटले. पँट मात्र आतच राहिली, ती नंतर आकड्याने काढली.

ती धुताना मी पाहिलं. कंबरेला मागच्या बाजूला एक पट्टी न विटलेली, बाकीच्या पँटपेक्षा गडद, आणि शेजारी जुन्या शिवणीची भोकं ओळीने. वन्सं, मला शिवणातलं कळत नाही, पण डोळे आहेत. मी यांना ते दाखवलं. दाखवायला नको होतं असं आता वाटतं. तेव्हापासून हे चालायला जात नाहीत, भिंतीकडे तोंड करून बसतात. सकाळी मी एकटीच कालव्यावर जाते आणि वाटेत सगळे यांची चौकशी करतात. माझा जीव तीळतीळ तुटतो. बॉयलर हातचा गेला तर हा माणूस त्या खुर्चीत बसून मनाने सुकेल, आणि वजन तरी उतरायचं नाही ते नाहीच.

फोरमनने जुनं गॅस्केट, म्हणजे झाकणाखालचं ते लंबगोल कडं, यांच्या गळ्यात अडकवून घरी पाठवलं. ते सारखं नजरेसमोर नको, म्हणून पँटबरोबर तेही पार्सलात टाकते आहे. उसवलंत तुम्ही, आता सांधायचंही तुम्हीच बघा.

रागावू नये, माझ्यावर आहे तशीच मर्जी असावी.

आपली,
वहिनी


२१ मे

चि. काडीस,
आशीर्वाद देते, घ्यायचे तर घे.

हो, मीच उसवली. दीड बोट. मी माफी मागेन असं वाटत असेल तर वाट बघत बस. तुझं एप्रिलचं पत्र वाचून माझ्या घशाखाली घास उतरेना. म्हटलं, पँट सैल लागली तर चार दिवस आनंदाने चालेल बिचारा. तू त्या पँटच्या भरवशावर बॉयलरमध्ये उडी घेशील हे कुणाला माहीत? लोणी बंद केलंस तेव्हा अक्कलही बंद केलीस का रे?

आता रुसवा सोड आणि ऐक. मी आजवर कितीतरी माणसं मापली. काटा एक सांगतो आणि टेप दुसरंच सांगते, हे माझ्या रोजच्या बघण्यातलं आहे. चालून चालून पोटाचं आतल्या आत काय होतंय ते काट्याला दिसत नाही. तुला वजन कुठे कमी करायचंय? तुला एका भोकातून जायचंय! मग भोकच मापाला धर.

त्या गॅस्केटवरून कागदी माप काढलं, जाड तार वाकवली आणि तिच्यावर कॅनव्हास शिवला. सोबत पाठवते आहे ते कडं दोन खुर्च्यांच्या मध्ये बांध आणि दर रविवारी त्यातून जाऊन बघ. इतर दिवशी नुसतं चालायचं, काट्याचं तोंड बघायचं नाही. गॅस्केट मात्र परत पाठवत नाही. माझं कापायचं टेबल डुगडुगत होतं, त्याचे तुकडे करून पायाखाली घातले.

वहिनींना सांग, साबण मी भरून देईन. आणि तू उद्या सकाळी कालव्यावर दिसला नाहीस तर माझ्याशी बोलू नकोस.

तुझी, तरीही तुझीच,
ताई


२३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उद्या बॉयलर उघडणार. तुला आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर धक्का नको.

तुझ्या कड्याने आमच्या रविवारची सर्कस करून टाकली. मी हात वर करून पाय घालतो, तुझी वहिनी खांदे दाबते, आणि शेजारचे खिडकीतून सूचना देतात. पहिल्या रविवारी मांडीलाच अडकलो. मग हळूहळू कंबर गेली. काटा मी बघितला नाही, शपथेवर. काल बघितला. एवढ्या महिन्यांत दोन किलो! आणि कड्याचं म्हणशील तर कालही पोटाला अडकलं. अगदी थोडक्यात, पण अडकलं ते अडकलंच. तुझी वहिनी हसत हसत ओढत होती, आणि मला मात्र रडू आलं.

तरी एक सांगतो, चालणं आता सोडवत नाही. सकाळी गेलो नाही तर दिवसभर कुणीतरी उगाच चिडवत असल्यासारखं वाटतं. टाकीच्या जिन्यावर दमही लागत नाही. पण बॉयलरचं तोंड काही माझा दम बघत नाही. फोरमनने काट्यावरची खुर्ची पुसून ठेवली आहे. आज सुट्टी होताना मी बाईसाहेबांवर हात ठेवला, अजून कोमट होत्या. म्हटलं, सांभाळून घ्या नव्या माणसाला.

तू खूप केलंस, ताई. तुझ्यावर माझा काही राग नाही.

तुझा,
काडी


२५ जून

ती. लबाड ताईस,
सा. न. आणि आणखी बरंच काही.

काल सगळा कारखाना जमला होता. तुझी वहिनी पिशवीत साबण घेऊन आली. मॅनेजर, फोरमन, तपासणीसाहेब, झाडून सगळे. मी डोळे मिटले, हात वर केले, पोट आत ओढलं आणि अडकायच्या तयारीने पाय सोडले.

आणि अडकलोच नाही! कुठे कड लागली नाही. अडकणार या खात्रीने अंग सोडलं होतं, ते सरळ आतल्या नळ्यांवर धप्पकन बसलो. वरून फोरमन ओरडतोय, लागलं का रे, लागलं का रे. मी उत्तर कसलं देतोय? उभा राहून तोंडाच्या कडेला हात लावून बघत होतो. माझं पोट आणि लोखंड यांच्यामध्ये एक बोट जात होतं. सगळीकडून जात होतं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की तुझं टेबल कधी डुगडुगत नव्हतं.

मग मी आत बसून हसायला लागलो. आत आवाज इतका घुमतो की बाहेरच्यांना वाटलं, हा रडतोय. खरं तर तेही होतं. तुझ्या वहिनीने तेवढं ओळखलं आणि साबणाची पिशवी फोरमनच्या हातात दिली. पुटं अशी खरवडली की तपासणीसाहेबांनी हातोडीने ठोकून बघितलं आणि मान हलवली. वर येताना कुणाला ओढावं लागलं नाही. खुर्चीवर आता फोरमनचा मेहुणा बसणार आहे.

घरी येऊन कड्याला टेप लावली. बॉयलरच्या तोंडाहून चहूबाजूंनी बोटभर लहान! एवढे रविवार मी पोट चेपून रडलो, आणि तू तिकडे गालातल्या गालात हसत असशील. आधी पँट वाढवून फसवलंस, मग भोक लहान करून. आईने तुला कापायला शिकवलं की गंडवायला?

कडं काढलेलं नाही. आज सकाळी कालव्यावरून आल्यावर पुन्हा त्यात शिरून बघितलं. अजून अडकतं. पुढचा जून आहेच की.

तपकिरी पँट आता खरंच घसरते, तुझ्या दीड बोटासकट. नवीचं माप तुझ्या वहिनीने घेतलंय, ते सोबत आहे. तू त्या मापाने शिवणार नाहीस हे मला ठाऊक आहे, तरी पाठवतो.

लोभ मात्र नेमका कापू नकोस, आहे तसाच सैल राहू दे.

तुझा,
काडी