फ्रीजरची गरम बाजू

२९ जून, रविवार
संदीपने आज माझा जुना फ्रीजर मागितला. आडवा, वरून झाकण उघडतं तो. आमरस-मटार विकायच्या माझ्या धंद्याची सुरुवात त्याच्यावर झाली. नवा घेतला तरी हा मागच्या पडवीत चालू असतो, उरलासुरला मटार ठेवायला.
कशाला हवा? तर नळ बसवायचाय. बिअरचा! आत पिंप, बाहेर नळ, हॉटेलात असतो तसा. मोबाइलवर व्हिडिओ दाखवला.
"घरात?"
"घरातच. मग ढाब्यावर जायला नको."
बोलून मोकळा. मी आत निघून गेले. संध्याकाळची भाजी मात्र खारट झाली.

३० जून
दिवसभर तेच डोक्यात. शनिवारी ओझरला ड्यूटी सुटली की मित्रांबरोबर ढाबा, तिथून पिऊन बाईकवर घरी, आडगाव नाक्यापर्यंत, हायवेने. जानेवारीत दहाव्या मैलाच्या चौकात पडला. गळ्याचं हाड मोडलं. मागच्या ट्रकवाल्याने ब्रेक मारला म्हणून माझं कुंकू शाबूत. मार्चमध्ये खांद्याचा पट्टा निघाला आणि शनिवार पुन्हा सुरू.
शनिवारी बाईकचा आवाज येईपर्यंत मी गॅलरीत. हे किती दिवस?
पण घरात दारू. आज शनिवारी, उद्या रोज...

२ जुलै
हो म्हटलं. अटी माझ्या. बाईकची किल्ली स्वयंपाकघराच्या दाराशी खुंटीवर लागल्याशिवाय नळाचं हँडल मिळणार नाही. (हँडल आट्यांवर फिरवून काढता येतं, हे आधी विचारून घेतलं.) दोन ग्लास. ढाबा बंद म्हणजे बंद.
"तू तर एक्साइजवाली निघालीस," म्हणाला. हसला. मी नाही हसले.
सासूबाई दिंडोरीहून आल्यात. लाकूड, पाइप, नळ पाहून म्हणाल्या, "ताकाचा नळ करतो का रे? लय भारी!"
दोघांपैकी कुणीच खुलासा केला नाही.

१३ जुलै, रवि.
आज नळासाठी फ्रीजरला भोक पाडायचं होतं.
संदीप पेन्सिलने फुली मारून ड्रिल घेऊन बसला. फुली उजव्या बाजूला, बरोबर जिथे मी विरजणाचं भांडं टेकवून ठेवते. पावसाळ्यात, थंडीत माझं दही तिथेच लागतं, कारण तो पत्रा कायम कोमट असतो. पत्र्याच्या आतून गॅसच्या नळ्या फिरतात, दुरुस्तीवाला एकदा बोलला होता. भोक पडलं की गॅस जाणार. फ्रीजर मेला, नळ मेला, कटकट मिटली. आणि माझ्यावर बोटही येणार नाही.
ड्रिल सुरू झालं. मी बघत राहिले.
टोक पत्र्याला लागणार तेवढ्यात तोंडातून निघालंच, "अहो, थांबा! तिथे नळ्या आहेत. मी दही लावते ना तिथे."
त्याने ड्रिल खाली ठेवलं. पत्र्यावर तळहात ठेवून बसला. "च्यायला, खरंच की गं," एवढंच.
का बोलले मी? फ्रीजर गेला असता तर तो पुन्हा ढाब्यावर गेला असता, म्हणून? की माझ्या कष्टाचं यंत्र माझ्यादेखत मारवेना? काहीही असो. आता ह्यात मीही भागीदार.

१९ जुलै, शनि.
फ्रीजरला भोक न पाडताच जमलं. झाकण काढून मध्ये लाकडी चौकट बसवली, वर पुन्हा झाकण, चौकटीतून नळ. बाहेर एक डबी लावली, तिच्यामुळे तीन डिग्रीला थांबतो, गोठवत नाही. आत बिअर नळातून ढकलायला गॅसची छोटी टाकी. जोडांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघितलं. टॉर्च मी धरली. एका ठिकाणी आले, त्याने आवळलं, थांबले. दोघं एकदमच "हां!" म्हणालो.
शनिवार असून घरी. फार बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

२३ जुलै, बुध.
गटारी उद्या, पण गुरुवारी मटण कोण खाणार? म्हणून मंडळींनी आजच उरकली. बिअरचं पिंप दुपारीच आलं. संदीपच्या खात्यातला भालेराव आला, आणखी एक जण. संदीपने किल्ली खुंटीवर लावली, मी हँडल दिलं. पहिला ग्लास नुसता फेस. दुसरा नीट. खूश सगळे.
दोन झाल्यावर मी हँडल फिरवून काढलं.
भालेराव म्हणे, "वहिनी, आज तरी नाय म्हणू नका. परवापासून श्रावणच आहे."
मी नाही म्हटलं. संदीपने ग्लास खाली ठेवला. उठला, खुंटीवरची किल्ली काढली, चपला घातल्या. "मग ढाब्यावर जातो."
बाहेर पाऊस, हायवे ओला.
दिलं हँडल. काय करणार होते?

२४ जुलै
पुढे किती ग्लास झाले, मोजले नाहीत. पाहुण्यांना न्यायला भालेरावचा भाऊ गाडी घेऊन आला. संदीप घरातच झोपला. म्हणजे नियम पाळला गेला म्हणायचं की मोडला?
माझीच किल्ली त्याने मलाच लावली. राग त्याच्यापेक्षा माझा मलाच जास्त.

९ ऑगस्ट, शनि., राखी
श्रावण कडक पाळतोय. थेंब नाही. शनिवारी उजेडात घरी. नणंदेसमोर शहाण्यासारखा बसून नारळीभात खाल्ला.
पण रोज सकाळी दात घासत पडवीत जातो, डबीवरची डिग्री बघतो. पिंपात अर्ध्याहून जास्त शिल्लक आहे. फ्रीजर घरघरला की दोघांचंही बोलणं थांबतं.

२१ ऑगस्ट
श्रावण शनिवारी संपतो. गणपती बुधवारी. मधले तीन दिवस मोकळे. त्याने कॅलेंडरवर काही खूण केलेली नाही, तरी मला दिसतात ते तीन दिवस. चिडचिड होतेय. सासूबाईंवर उगीच खेकसले.

२३ ऑगस्ट, शनि.
संध्याकाळी आला. न सांगता किल्ली खुंटीवर लावली. मी विरजण लावत होते. मागे येऊन उभा राहिला.
"उद्या मी हँडल मागेन."
मी भांडं फ्रीजरच्या उजव्या बाजूला टेकवलं.
"तरी देऊ नकोस."
वळून बघितलं. चेहरा उतरला होता. चेष्टा नव्हती.
"आणि किल्ली उचललीत तर? त्या दिवसासारखी?"
"उचलेनच बहुतेक."
"मग मी काय करू?"
नुसता पत्र्यावर हात ठेवून उभा, त्या दिवशी बसला होता तसा.
म्हटलं, "किल्ली आत्ताच माझ्याकडे द्या ना."
त्याने खुंटीकडे बघितलं. हात पुढे केला, मागे घेतला. "उद्या बघू," म्हणाला आणि हातपाय धुवायला गेला.
मीही ती काढली नाही. त्याने द्यायला हवी, मी घेऊन काय उपयोग.
जेवायला वाढलं. खुंटी ताटासमोरच येते. दोघंही मान खाली घालून जेवलो.