खाट न हलवता

पिंप्राळा, जळगाव
आखाजीनंतरचा सोमवार

प्रिय लीलाधर,

सगळ्यात आधी कोण आलं असेल, सांग बरं? तुझे सासू-सासरे नाहीत. आधी आली ती शेजारची मंदाबाई. रिक्षा आपल्या दाराशी पुरती थांबलीही नव्हती, तर ही ओट्यावर हजर, हाताला बेसन तसंच. "व्याही उनात वं माय, व्याही उनात!" असं म्हणून तिनं आख्ख्या गल्लीला वर्दी दिली. मग रिक्षातून बाहेर आली तुझ्या सासऱ्यांची छत्री, मग त्यांची पिशवी, मग ते स्वतः बन्सीलाल नाना, आणि शेवटी विहीणबाई कुंदाबाई. धुळ्यापासून एसटीत उभं राहून त्यांचे गुडघे आखडले होते, म्हणून त्या रिक्षालाच धरून उभ्या, आणि रिक्षावाला म्हणतोय, बाई, सोडा आता, मला जायचंय. मी बिबड्या घालत होते. दोन्ही हात ज्वारीच्या शिजवलेल्या पिठानं भरलेले, नमस्कार करायचा कसा? कोपरांनीच केला. नाना म्हणाले, असू द्या आजी, आम्ही बिबड्या खायलाच आलोय. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! या घरात होळीनंतर कुणी पाहुणं म्हणून आलंच नव्हतं. तूसुद्धा नाही.

त्या दिवशी खापरावरच्या पुरणपोळ्या केल्या, आमरस केला, वर कढी. सुनंदाच्या पोळ्या आता माझ्याहून मोठ्या होतात, दोन्ही हातांच्या कोपरांपर्यंत झुलवते. कुंदाबाई माझ्यापाशी बसून हळूच म्हणाल्या, आखाजीला सगळ्यांच्या पोरी माहेरी आल्या, धुळ्यात आमच्या देवपुरात घरोघरी झोके बांधले, आमचीच तेवढी आली नाही, काही बिनसलंय का? मी म्हटलं, कसलं बिनसतंय, हेमूचा खोकला अजून पुरता गेला नाही. ते अगदीच खोटं नव्हतं. दीपनगरच्या पॉवर हाऊसच्या त्या राखेनं पोराला खोकला लागला म्हणून तर तू दोघांना माझ्याकडे आणून सोडलंस. पण खोकला चैत्रातच थांबला, हे काही मी त्यांना सांगितलं नाही.

नाना जेवताना तुझीच चौकशी करत होते. जावईबापूंचं नवीन काय, हल्ली कशाकशावर बंदी? मी म्हटलं, विचारू नका. टीव्हीवरचं माझं विणलेलं कापड त्यानं काढायला लावलं, म्हणे आतून तापतो. फ्रीज भिंतीपासून हातभर पुढे ओढला, म्हणे मागच्या जाळीला वारा हवा. आता येता-जाता माझी कंबर त्यालाच आपटते. पंखा एकवर ठेवला तर मला रागावतो, म्हणतो, आजी, त्यानं वीज फारशी वाचत नाही, उरलेली त्या रेग्युलेटरच्या डबीतच जळते. आणि केळ्यानं सर्दी होत नाही हे त्यानं मंदाबाईला पटवून दिलं, तेव्हापासून ती त्याच्यासमोर मुद्दाम केळं खाते आणि मुद्दाम शिंकते. नाना इतके हसले की त्यांना ठसका लागला. खरं सांगू, मला तुझं हे सगळं आवडतं. रात्रपाळीत ती विज्ञानाची मासिकं वाचायची आणि सुट्टीला आलास की आमच्यावर चालवायची. दुसऱ्यांचे नातू पत्ते खेळतात.

तो मिक्सर बंद पडला होता, आठवतं? मी म्हटलं, गेला, दे भंगारात. तू मला समोर पाटावर बसवलंस. म्हणालास, आजी, काय बिघडलं ते आधीच मनात ठरवायचं नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. त्याच प्लगात आधी टेबललॅम्प लाव. तो लागला, म्हणजे वीज आहे. आता वायर बघ. वायरच तुटली होती. मी मराठी तिसरीतून घरी बसलेली बाई, पण हे मला जे कळलं ते कळलं. मास्तरांनी असं शिकवलं असतं तर चौथीतही गेले असते.

हेमूचं सांगायचं राहिलंच. काय गोड झालाय म्हणून सांगू! गालाला खळी पडते ती थेट तुझ्या आजोबांची. धावतो, पडतो, रडत नाही. कपड्यांचे चिमटे एकमेकांना लावून लांबलचक गाडी करतो. फाटकावरून मालगाडी जायची असली की माझ्याआधी त्याला कळतं. फरशीवर दोन्ही तळवे टेकवतो आणि माझ्याकडे बघून हसतो. मला आवाज यायला त्यानंतर थोडा वेळ लागतो. तू होळीला आला होतास तेव्हा हे बघून तुझी कॉलर ताठ झाली. याचे कान तुमच्यापेक्षा तिखट आहेत, म्हणालास. आणि दीपनगरला वाफ सोडतात तेव्हा पाहुणा माणूस अंथरुणात उठून बसतो, मी स्वतः एकदा पातेलं पाडलंय, पण हेमू गाढ झोपलेला असतो, याचंही तुझ्याकडे उत्तर तयार होतं. पॉवर हाऊसचं पोर आहे, मेंदू रोजचा आवाज गाळून टाकतो, मासिकात आलंय. सुनंदानं संक्रांतीच्या सुमारास काहीतरी म्हणायला तोंड उघडलं तर तू तिला म्हणालास, मीसुद्धा अडीच वर्षांचा होईपर्यंत बोललो नव्हतो, तू अडाणी बायकांसारखी घाबरू नकोस. तू उशिरा बोललास हे खरं आहे रे. पण गिरणीचा भोंगा झाला की तू माझ्या पदरात शिरायचास, हे मी तुला त्या दिवशी सांगितलं नाही. सुनंदाचा चेहरा बघून तो विषय तिथेच सोडला.

तर जेवणं झाली, सगळे ओसरीवर पसरले. हेमू बाजेवर बसून चिमट्यांची गाडी करत होता. नाना त्याला हाका मारतायत, हेमराज, ओ हेमराज, इकडे बघा साहेब! साहेबांचं लक्ष नाही. मंदाबाईला काही पोटात ठेवता येतं का? बोलून गेली, "पोऱ्याले ऐकू येस ना व माय?" मग कुंदाबाई अशा तडकल्या! म्हणाल्या, बाई, आधी चूळ भरून या, मग माझ्या नातवाचं नाव घ्या. आणि ताडकन उठून आतून पितळी थाळी आणि लाटणं घेऊन आल्या. बाजेला मागून टेकून उभ्या राहिल्या आणि हेमूच्या पाठीमागे थाळी दणादण वाजवली. हेमूनं मान वळवली. पुन्हा वाजवली, पुन्हा वळला, हसलासुद्धा. काय सांगू काय झालं मग! नानांनी त्याला खांद्यावर घेऊन नाचवलं. माझा नातू आहे, म्हणाले, तुमची कुजबूजसुद्धा ऐकतो, जपून बोला. मंदाबाईनं कानाला हात लावला. कुंदाबाई डोळे पुसत म्हणाल्या, आज माझा घोर गेला. जावईबापूंनी पोरगी पोटुशी असताना तिला ग्रहणात मुद्दाम ओट्यावर बसवून सगळ्या गल्लीसमोर भेंडी चिरायला लावली होती, त्या दिवसापासून मला झोप नव्हती. मीही हसत होते सगळ्यांबरोबर. आत सुनंदा उद्याच्या पापडाचं पीठ कुटत होती. तो आवाज मात्र थांबला होता.

पाहुणे संध्याकाळी रावेरच्या लग्नाला गेले. रात्री मला डोळ्यांसमोर सारखा एकच देखावा दिसत होता. कुंदाबाई थाळी वाजवतायत आणि त्यांचा आखडलेला गुडघा बाजेच्या लाकडाला टेकलेला आहे. थाळी वाजते तशी बाज हलते आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी हेमूला तसाच बाजेवर बसवला. तू म्हणतोस तसं, मनात काहीच ठरवलं नाही. म्हणजे ठरवायचं नाही असं ठरवलं. आधी बाजेला हात न लावता मागे उभी राहिले आणि थाळी वाजवली. हेमू चिमटे लावत राहिला. आणखी जोरात वाजवली. वरच्या कौलातला पारवा उडून गेला, हेमू चिमटे लावत राहिला. मग थाळी खाली ठेवली आणि पायानं बाज जराशी हलवली. लगेच वळला आणि मला बघून हसला. खूप गोड हसला रे. मी पुन्हा केलं, पुन्हा तेच. मला वाटलं माझी सावली पडत असेल, म्हणून दाराआड जाऊन काठीनं बाज हलवली. पुन्हा तेच. किती वेळा केलं कुणास ठाऊक. मग बघते तर सुनंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी. कधीची उभी होती देवाला माहीत. माझ्या हातातून थाळी घेतली, धुतली, पुसली आणि फळीवर जागच्या जागी लावून ठेवली. तेव्हा मला कळलं की हिला कधीचंच माहीत आहे. मग एकेक आठवायला लागलं. ही पोरगी त्याला निजवताना पूर्वी गाणी म्हणायची, ती आता म्हणत नाही, नुसती पाठीवर थोपटते. त्याला बोलवायचं तर हाक मारत नाही, समोर जाऊन उभी राहते. आखाजीला माहेरी का गेली नाही, तेही कळलं.

शनिवारी आम्ही दोघी त्याला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. मंदाबाईला सांगितलं, डोस द्यायचाय. डॉक्टर चांगले होते, वयस्कर. त्यांनी घंटी वाजवली, चिमट्यासारखं काहीतरी कानामागे धरलं, बत्ती घालून पाहिलं. म्हणाले, पडदा ठीक आहे, आतली नसच काम करत नाही, दोन्हीकडची. मुंबईला मोठी तपासणी होते, ती करून या, पण ती वेगळं काही सांगेल असं मला वाटत नाही. छातीवर बांधायचं यंत्र मिळतं, त्यानं झाला तर धप्प असा आवाज कळेल, शब्द कळणार नाहीत. बोलणं अवघड आहे. मुक्या पोरांच्या शाळेचं नाव सांगितलं. मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, मोठा झाल्यावर काही फरक? ते कागदावर लिहीत राहिले. सुनंदानं हेमूचा सदरा नीट केला आणि आम्ही रिक्षा केली. येताना हेमूला फार मजा वाटली, रिक्षाच्या लोखंडी दांड्याला गाल लावून बसला होता.

आता हे पत्र का लिहिते ते ऐक. तू सांगतोस ते पॉवर हाऊसच्या शटडाऊनचं काम असेल, नाही म्हणत नाही. पण होळीपासून तू आला नाहीस तो शटडाऊनसाठी नाही. तू जगाची वायर तपासणारा माणूस, आणि स्वतःच्या लेकरामागे कधी एक चमचा वाजवून पाहिला नाहीस. का नाही पाहिलास ते मला कळतं. ऐकू येत नाही असं निघालं तर धुळ्यापासून जळगावपर्यंत सगळे एकच म्हणतील, ग्रहणात भेंडी चिरायला लावली. आणि म्हणतीलच, मी त्यांची तोंडं धरू शकत नाही. मी डॉक्टरांना मुद्दाम विचारलं. ते म्हणाले, आजी, ग्रहणाचा काडीचा संबंध नाही, कशानं झालं ते बहुतेक कधीच कळणार नाही. म्हणजे ग्रहणाचं तुझं खरंच होतं. आणि हेमूला ऐकू येत नाही, हेही खरंच आहे. हे मी दुकानातल्या फोनवर चारचौघांत सांगू शकत नव्हते, आणि सुनंदा तुला पुन्हा सांगणार नाही, तिनं एकदा सांगून पाहिलं. तू ये. येऊन काही दुरुस्त होणार नाही, ते आधीच सांगते, त्या आशेवर येऊ नकोस. मासिक आणू नकोस. तिला काही समजावू नकोस, नुसता तिच्याजवळ बस, ती फार दिवस एकटी आहे. पण बुधवारी रात्रीपर्यंत पोच, कारण तिच्या आईवडिलांना हे माझ्या तोंडून निघणार नाही आणि तिच्या तोंडून निघू नये. सुनंदा-हेमूला देवपूरला न्यायला ते रावेरहून गुरुवारी परत येतायत. नाना रिक्षात बसता बसता मला बजावून गेलेत, आजी, गुरुवारी येईन तोवर याला 'नाना' म्हणायला शिकवून ठेवा.

तुझीच,
आजी