भट्टीतले स्केट

प्रिय ताई,

तू फोनवर एकच विचारलं होतंस, येतेस की नाही. खोलीला पिवळा रंग देऊन झाला म्हणालीस. खिडकीपाशी माझ्यासाठी टेबल लावलंस, तिथल्या डेंटल लॅबमध्ये माझ्याबद्दल बोलूनही ठेवलंस. मी म्हटलं, पत्राने कळवते. तू फोनवर गप्प झालीस की माझ्या तोंडून काहीही निघून जातं, म्हणून पत्र. आता यात बराच वेळ स्केटचंच पुराण येणार आहे. रागावू नकोस. तुझ्या प्रश्नापर्यंत जायला मला दुसरी वाट सापडलेली नाही.

तू लग्न करून गेलीस तेव्हा तुझे बर्फावरच्या हॉकीचे स्केट इथेच दाराआड खिळ्याला राहिले. तीन हिवाळे मी तेच घालून खेळते आहे. खेळते म्हणजे काय, तू क्लबाकडून खेळायचीस, तो खरा खेळ. आम्ही रविवारच्या बायका. एक बस चालवते, एक औषधाच्या दुकानात असते, गोलात एक निवृत्त मुख्याध्यापिका उभ्या राहतात. त्यांना आम्ही बाई म्हणतो आणि पाठीमागे खिंडार. त्यांना ते ठाऊक आहे. परवा गोल खाल्ल्यावर स्वतःच म्हणाल्या, खिंडारातून बैलगाडी गेली गं. आमच्यात कोणी जिंकलं ते पुढच्या रविवारी कोणालाच आठवत नाही.

तर यंदा वाद पेटला तो महागड्या स्केटवरून. औषधवालीने दुकानातले सगळ्यात भारी घेतले. पहिल्याच दिवशी आपटली. बसवाली म्हणाली, वा, काय पडलीस, पैसे वसूल. मग कपडे बदलायच्या खोलीत तासभर तेच. बसवालीचं म्हणणं, ते बूट रोज खेळणाऱ्यांसाठी, लाकडासारखे कडक; आपल्यासारखीने घातले तर घोटा वाकत नाही, माणूसच वाकतो. औषधवाली म्हणे, अगं पण पाय दुखत नाहीत. बसवाली म्हणे, दुखायला आधी पळावं लागतं. बाईंनी निकाल दिला, या वयात स्वस्त वस्तू घेऊ नये, झिजवायला वेळ कुठे उरलाय. यावर सगळ्या हसल्या. मी मोजे ओढत होते. माझ्या उजव्या घोट्याला फोड आला होता. तो दर हिवाळ्यात येतो. मी कापूस लावते.

नंतरच्या आठवड्यात तुझ्या स्केटना धार लावायला दुकानात गेले. फक्त धार. दुकानदार बोलघेवडा आहे. पातं घासता घासता म्हणाला, हे कोणाचे? मी म्हटलं, माझे. त्याने आत हात घातला, कापूस काढून काउंटरवर ठेवला. मीच म्हटलं, बहिणीचे. मग त्याला विचारलं, आमच्यासारख्यांनी महागडे घ्यावेत का. आधी म्हणाला, छे, उगाच कशाला, मधले घ्या. मग म्हणाला, तसं पाहिलं तर मधल्यांत काही अर्थ नाही. मग म्हणाला, अजून किती वर्षं खेळायचा विचार आहे? साधा प्रश्न होता. त्याला फक्त बूट विकायचे होते. पण तुझी पिवळी खोली डोळ्यांपुढे आली. तुझ्या गावात बर्फ म्हणजे फ्रीजमध्ये असेल तेवढाच.

त्याने खोका उघडला. बूट पायात चढवून पाहिले, बरे वाटले, याहून जास्त काही सांगता येणार नाही. मग त्याने भिंतीवरची पाटी दाखवली. हे बूट छोट्या भट्टीत तापवतात, मऊ झाले की गिऱ्हाइकाच्या पायात घालून आवळतात, आणि निवेपर्यंत त्याने उठायचं नाही. एकदा भाजले की परत घेत नाहीत, कारण मग ते दुसऱ्या कोणाच्या पायात बसत नाहीत. मी पाटी नीट वाचली. वाचून हो म्हटलं. का म्हटलं ते अजून मला कळलेलं नाही. तेवढ्या पैशांत नवा फ्रीज आला असता.

कवळ्या बनवताना मी आयुष्यभर मेण तापवून दुसऱ्याच्या हिरड्यांच्या साच्यावर बसवत आले. आपल्याच अंगावर काही तापवून बसवतायत, हे पहिल्यांदाच. ऊब तळव्यातून वर आली. घोट्याच्या हाडाभोवती बूट हळूच दबला आणि तिथेच थांबला. दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाशी भांडत होता. मी खुर्चीत हलता न येता बसले होते. समोर काउंटरवर तुझे स्केट आणि तो मळका कापूस. आणि मला हसू आलं. ताई, लॅबमध्ये कोणी येऊन म्हणालं असतं की माझ्या बहिणीची कवळी आहे, मला बसवून द्या, तर मी त्याला दारातूनच वाटेला लावलं असतं. तुझं घोट्याचं हाड वर आहे, माझं खाली. हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरी तीन हिवाळे मी फोडाला कापूस लावत राहिले आणि समजत राहिले की माझा पायच वाईट.

रविवारी नवे घालून उतरले. खेळ सुधारला का, तर नाही. तशीच पडले. बसवाली ओरडली, भट्टीत तूही बसायला हवं होतंस. फोड मात्र आला नाही. पण एक गैरसोय झाली. आधी पडले की मनात म्हणायचे, स्केट ताईचे आहेत. आता पडले तर मीच पडते. याला फायदा म्हणायचं की तोटा, ते बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, आधी ऊठ, चकती तुझ्याकडे येतेय.

आता तुझ्या प्रश्नाकडे. मी येत नाही. लिहिलं आणि लगेच खोडावंसं वाटतंय. भाऊजी गेल्यापासून तू अजून दोघांचा स्वयंपाक करतेस, हे तू सांगितलं नाहीस, उरलेल्याचं काय करतेस ते सांगितलंस. ते माझ्या डोक्यातून जात नाही. बर्फावर गोल गोल फिरण्यासाठी मी तुला एकटी टाकते आहे का? असंही असेल. मी ठरवलं की बुटांनी ठरवलं, तेही नक्की सांगता येत नाही. नोकरी, घर, या बायका, यांतलं काहीच असं नाही की ज्यासाठी बहिणीला नाही म्हणावं. पण तुझ्या त्या खोलीत मी मनातल्या मनात जाऊन बसून पाहिलं. टेबल चांगलं आहे, उजेड चांगला आहे. आणि मी कापूस शोधते आहे.

म्हणून हे पत्र. नाही म्हणायला नव्हे, ते फोनवरही म्हणता आलं असतं. तू ये. कायमची ये असं नाही म्हणत, एका हिवाळ्यापुरती ये. खेळू नकोस हवं तर, बाकावर बसून आम्हाला शिव्या दे. तुझ्या स्केटना धार लावून आणली आहे, नाड्या नव्या घातल्या आहेत. हे आमंत्रण आहे की लाच, मलाच समजत नाही. काल कापसाचे राहिलेले तुकडे काढायला उजव्या बुटात हात घातला. तुझ्या हाडाचा खळगा आहे तसा आहे. माझी दोन बोटं त्यात मावतात, घोटा नाही.

तुझीच,
घसरगुंडी