क्ष बरोबर दहा

४ जून
सकाळी चहाबरोबर ह्यांनी दोन दरपत्रकं पुढे टाकली. ड्रायव्हिंग स्कूलची! "आता शिकून घे." सव्वीस वर्षं माझा हात गिअरला लागला तरी ओरडणारा हा माणूस! स्वतःची गाडी महिनाभर फाटकात उभी. म्हणे पेट्रोल महाग. आळशी!

लाल गाडीवाले – प्रवेश तीन हजार, वर दर धड्याला दोनशे. पांढरी गाडीवाले – प्रवेश फुकट, धड्याला पाचशे.

गणिताच्या बाईपुढे हे टाकायचं? लगेच धडे क्ष मानले. ३००० + २००क्ष = ५००क्ष. क्ष बरोबर दहा! दहाच्या आत शिकले तर पांढरी स्वस्त, पुढे गेले तर लाल. आलेखही काढला. मला सात पुरेत. पांढरी!

"आणि क्ष कोण ठरवणार?" हे म्हणाले. मी! पैजच लागली – सातात जमलं नाही, तर वर्षभर गाडीत ह्यांना उलट बोलायचं नाही. ह्यापेक्षा उपास परवडला.

९ जून
पहिला धडा. तीनदा बंद पाडली. मास्तर म्हणतात, "बाई, घाई नको." वर्गात मी म्हणते, अगदी त्याच सुरात. फार लागलं.

१४ जून
फाटकाचा रंग गाडीला. गाडीचा फाटकाला.

२० जून
सातवा. चौकात काय सुरेख वळले! मास्तर म्हणाले, "छान. रिव्हर्स राहिलंय अजून." गेली पैज! हे खूप चिडवतील वाटलं होतं. नुसते चष्मा पुसत बसले. हल्ली सारखा पुसतात.

२६ जून
दहावा. माझा छेदनबिंदू! आता दर धड्याला तीनशे जास्त मोजायचे, तेही स्वतःच्या हुशारीपायी. आलेख फाडला.

५ जुलै
पंधरा झाले. रिव्हर्स येतं, चढ येतो, अंधारातही येतं. तरी "थोडं अजून". आज मोठ्या दवाखान्याच्या अरुंद गल्लीत तीनदा नेलं. धड्याला पाचशे मिळतात, कशाला सोडतील? तोंडावर म्हटलं तसं. मास्तर ओशाळले. "बाई, मला काही विचारू नका."

चोर!

११ जुलै
अठरावा. मास्तर म्हणाले, "झालं, बाई." लालवाल्यांपेक्षा चोवीसशे जास्त गेले. शाळेत कुणाला कळता कामा नये.

घरी आले तर हे दाराशी, हातात चावी. "उद्या दवाखान्यात तूच ने. ऑपरेशन आहे." उजव्या डोळ्याला दिसत नाही म्हणे. डॉक्टरांनी मे महिन्यातच गाडी बंद करायला लावली. मला सांगायचा ह्यांना धीर झाला नाही. "मास्तरांना मीच बजावलं होतं, त्या गल्लीत पक्की झाल्याशिवाय हिला सोडू नका."

खूप भांडले. मग खूप रडले.

१२ जुलै
नेलं. एकदाही बंद पडली नाही. हे शेजारी बसून वाटभर ओरडत होते – क्लच! क्लच! मी उलट एक शब्द बोलले नाही.