एकाच दिवशीची लागण

देवळाली प्रवरा,
रविवार, दुपार

प्रिय वहिनी,

तुला पत्र लिहायचं म्हणजे वेडेपणाच. तू जाऊन आता वर्ष होत आलं. पण काल जे झालं ते सांगायला या घरात दुसरं आहे कोण? आई पडवीत शेंगा फोडत बसलीय आणि माझ्याकडे बघायचं टाळतेय. तिला तरी काय बोल लावू? माझीच मला लाज वाटतेय.

मुंबईला कॉम्प्युटरवाल्यांची परिषद भरली होती. तिथं मी निबंध वाचला. मी, वहिनी! तू असतीस तर आधी विचारलं असतंस, "वन्सं, पातळ कुठलं नेसला हुता?"

पुण्याला मी नेमकं काय करते, ते घरात फक्त तुलाच कळलं होतं. दुसऱ्यांनी यंत्रासाठी लिहिलेले प्रोग्राम खऱ्या कामाला लावण्याआधी तपासायचे, चुका हुडकायच्या. नेवाशाचे पाहुणे मला बघायला आले तेव्हाचं आठवतं? "मुलगी करते काय?" असं त्यांनी विचारलं आणि आई चाचरली. तू पोह्यांच्या बशा मांडता मांडता म्हणालीस, "आमच्या वन्सं यंत्राच्या चुका काढत्यात."

"मंग सासूच्याबी काढील!" मुलाची आई म्हणाली.

"काढतील की, आसल्या तर!"

ते स्थळ गेलं ते गेलंच. स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून किती हसलीस गं तू!

या वेळी मात्र प्रोग्राम मी स्वतः लिहिला होता. ऊसतोडीचा. कुणाचा ऊस आधी तोडायचा यावरून गावात काय भांडणं होतात, ती तू बघितलीस. तोड लांबली की ऊस वाळतो, वजन घटतं. मला वाटलं, ऊस लावल्याची, म्हणजे लागणीची, तारीख बघून यंत्रानंच पाळी लावावी, म्हणजे वशिल्याचा प्रश्नच नको. प्रत्येक शेताचं एक, अशी भोकं पाडून कार्डं पंच केली, यंत्रावर चालवून बघितली. पाळ्या अगदी सुरेख लागल्या. मी खूश!

परिषदेत सगळे पुरुषच. आम्ही बायका मोजक्या. माझं वाचून झालं तशा पुढच्या रांगेतून मद्रासच्या एक बाई उठल्या. केस पिकलेले, आवाज शांत. त्यांनी विचारलं, "दोन शेतांची लागण एकाच दिवशी झाली असेल, तर?"

माझ्या प्रोग्राममध्ये एका तारखेला एकच शेत मावत होतं. दुसरं आलं की पहिलं पुसलं जायचं. त्या शेताची पाळी कधी आलीच नसती.

आणि मी काय बोलले ठाऊक आहे? "असं सहसा होत नाही."

वहिनी, हे मी म्हणाले! आपण आणि शेजारचे नाना दर वर्षी एकाच दिवशी लागण करतो. उसाच्या बेण्याच्या गाड्या बरोबरच येतात. दोन्हीकडच्या माणसांच्या भाकऱ्या तू एकाच चुलीवर थापायचीस. त्या सबंध सभागृहात ही गोष्ट डोळ्यांनी बघितलेली बहुधा मी एकटीच असेन, आणि माझ्याच ध्यानात आली नाही! जग सोड, आपलं शेतसुद्धा मला आठवू नये?

मागून कुणीतरी म्हणालं, "या मुलींना कार्डं पंच करण्यापुरतंच ठेवावं." हशा झाला. मी कागद गोळा करून व्हरांड्यात पळाले.

त्या बाई मागोमाग आल्या. "रडून झालं की ऐक," म्हणाल्या. "चूक लहान आहे, दुरुस्त होईल. पण तू प्रोग्राम चालतो एवढंच बघितलंस. कुठं मोडतो ते शोधलं नाहीस. दुसऱ्यांचं काम अशीच तपासतेस का?"

"नाही."

"मग स्वतःच्या कामावर एवढी माया कशाला?"

मग त्यांनीच विचारलं, पुढच्या परिषदेत प्रोग्राम कसे तपासावेत यावर दोघींनी मिळून निबंध वाचायचा का? त्यासाठी काही महिने मद्रासला त्यांच्याकडे काम करायला येशील का? कळवते म्हणाले आणि निघाले. त्यांच्या तोंडाकडेसुद्धा नीट बघितलं नाही मी.

आणि इकडे दादानं गावभर सांगून ठेवलेलं! काल कन्याशाळेत सत्कार. शाल, नारळ, मुलींचं स्वागतगीत. मोठ्या बाई म्हणाल्या, "आपल्या लेकीनं मुंबई गाजवली." पुढच्याच बाकावर दादा, नवी टोपी घालून. मला वाटलं, आता उठून पळून जावं. पण मला बोलायला उभं केलं.

मी म्हणाले, "मुंबईत माझं कौतुक झालं नाही. माझा प्रोग्राम चुकला. तो कामाला लावला असता तर इथल्याच कुणाचा तरी ऊस फडात उभा राहिला असता."

"किती विनय बघा!" मोठ्या बाई कौतुकानं म्हणाल्या. आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या! वहिनी, त्या हशापेक्षा या टाळ्या जास्त लागल्या गं.

"विनय नाही, बाई. खरंच चुकला."

टाळ्या थांबल्या. दादा मान खाली घालून उठला आणि बाहेर गेला.

रस्त्यात त्याला गाठलं. सायकल हातात धरून चालला होता.

"घरचं झाकून ठिवायचं आसतं, शालन. मी कुनाकुनाला सांगितलं हुतं, ठावं हाय का?"

"ठाऊक आहे, दादा."

"मंग?"

मी चालत राहिले. पाटाच्या पुलापर्यंत तो सायकल ढकलत राहिला. मग एकदम म्हणाला, "कुनाचा ऱ्हायला आसता ऊस?"

"आपला, नाहीतर नानांचा. ज्याचं कार्ड आधी गेलं असतं त्याचा."

"आन ही चूक कुनी दावलीच नसती तर?"

"तर कुणाला कळलंच नसतं. तू पाळीची वाट बघत बसला असतास."

तो थांबला. माझ्याकडे बघितलं, आणि सायकलवर टांग मारून निघून गेला. त्यानंतर तो बोललेला नाही.

झाकून ठेवायचं, म्हणे! तूही तेच केलंस ना? कावीळ झाली तर म्हणालीस, "वन्संचं काम नवं हाय, रजा मिळायची न्हाई, कळवू नका." का गं? मी आले तेव्हा तू मला ओळखतही नव्हतीस. सगळ्यांवर रागावून झालं, तुझ्यावर रागवायचं राहूनच गेलं. आज रागावते.

पण तुला एक वचनही देते. मी मद्रासला जाणार. पुढच्या परिषदेत उभी राहीन तेव्हा आधी माझ्याच प्रोग्रामची चूक सांगेन, मग दुसऱ्यांच्या. लाज वाटेल, वाटू दे.

दादा दिवेलागणीला मळ्यातून येईल. तो नाही म्हणेल, आई रडेल. असल्या वेळी माझ्या वतीनं तू बोलायचीस आणि मी दाराआड उभी असायचे. आज मी ओसरीवर त्याच्यासमोर बसेन आणि माझं मीच बोलेन.

तुझी वन्सं,
शालन